गुडघा कोणाचा?

नाही, मला एक सांगा, गुडघा कोणाचा? माझा. दुखतो कोणाला? मला. मग त्याच्यावर मत द्यायचा परवाना सगळ्या गल्लीला कोणी वाटला? तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं सलून चालवतोय, एक आरसा, एक खुर्ची, आणि इतकी वर्षं सलूनमध्ये बोलायचं काम माझं आणि मान खाली घालून ऐकायचं काम गिऱ्हाइकाचं. आता मी जरा लंगडायला काय लागलो, खुर्चीत बसलेला प्रत्येक जण मलाच शिकवायला लागला. परवा तो विमा एजंट... गालावर फेस, हनुवटी वर, गळ्याशी माझा वस्तरा, आणि तशात ओठ न हलवता मला म्हणतो, "मा...लक, तेला...त लसू...ण उकळा." अहो, वस्तरा आहे तो! स्वतःच्या गळ्याची काळजी नाही, माझ्या गुडघ्याची आहे.

दूधवाला म्हणतो, चुंबकाचा पट्टा बांधा, माझ्या साडूने बांधला होता. म्हटलं, बरा झाला का साडू? तर म्हणतो, ते विचारायचं राहिलं. विचारायचं राहिलं म्हणे. आणि मला सांगायचं बरं राहिलं नाही ते! गुडघा कोणाचा? माझा. पण ऐकतो कोण.

आता तुम्ही म्हणाल, एवढं आहे तर डॉक्टरकडे जा. गेलो ना. दीड तास बाकावर बसलो, त्या बसण्याने दुसराही गुडघा धरला. डॉक्टरने एक्स-रे उजेडाकडे धरला, म्हणाला, "हं." मग उलटा धरून म्हणाला, "हं हं." खरं सांगतो, ऑपरेशनला मी घाबरत होतो. कापायला नाही हो, कापाकापी आमचा धंदाच आहे. पण तीन महिने दुकान बंद म्हणजे समोरच्या एसी सलूनला माझी सगळी गिऱ्हाइकं आंदण दिल्यासारखं, आणि उभं राहता आलं नाही तर मी करू काय? मला दुसरं काही येत नाही. तर डॉक्टर म्हणतो, "झीज आहे, पण ऑपरेशनची आत्ता गरज नाही. सहा किलो वजन उतरवा, मांडीचे स्नायू बळकट करा आणि फार वेळ उभे राहू नका." म्हटलं, साहेब, मी न्हावी आहे, गिऱ्हाइकाला उभं करून मी खुर्चीत बसू का? तर शांतपणे म्हणतो, "स्टूल घ्या." माझ्या वडिलांनी हातात वस्तरा देताना एकच बजावलं होतं, गिऱ्हाईक बसलेलं असताना आपण बसायचं नाही. आणि हा म्हणतो स्टूल घ्या. जसा काही याच्या बापाने शिकवलाय मला धंदा.

मग त्याने पाठवलं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे. बाई कसली, माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. म्हणाली, "काका, मी आधी तुम्हाला काम करताना बघते." आली दुकानात, तासभर बाकावर वही घेऊन बसली. मग म्हणाली, "काका, सगळा भार तुम्ही उजव्या पायावर टाकता आणि गिऱ्हाइकाभोवती कायम एकाच बाजूने फिरता. फरशी बघा." फरशी बघितली. खुर्चीच्या एका बाजूला अर्धा गोल झिजलेला. रोज दोनदा झाडतो मी ती फरशी, कधी दिसलं नाही. "उद्यापासून उलटे फिरा," म्हणाली. फिरलो. पहिलं गिऱ्हाईक, रिटायर झालेले हेडमास्तर. एक कल्ला कानाच्या वर, एक कानाच्या खाली. आरशात बराच वेळ बघून म्हणाले, "यात काही हेतू आहे का?" म्हटलं, आहे सर, गुडघ्याचा आहे. तर उठता उठता काय म्हणाले असतील? "तेलात लसूण उकळून बघा."

म्हणजे माझी काय अवस्था असेल विचार करा. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी पोरगी घरी आली, मला पलंगावर पाय लांब करून बसवलं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. "दाबा काका, दहा मोजेपर्यंत धरा, सोडा." मी दाबतोय, दात खातोय, आणि आमची ही भाजी निवडता निवडता मान वर न करता म्हणते, "अहो, पावलाची बोटं आपल्याकडे ओढा, नाहीतर मांडीला ताण बसत नाही."

पोरगी म्हणाली, "अगदी बरोबर, काकू."

झालं, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, घरातसुद्धा तेच? तूसुद्धा? अगं, गुडघा कोणाचा?

ती म्हणाली, "माझा."

आधी डावा, मग उजवा. आठ वर्षं. एकटी दवाखान्यात जाऊन आली होती, व्यायामाचा कागद कपाटात साड्यांखाली ठेवला होता, मी दुकानात गेलो की दार लावून करायची. मी म्हटलं, मला कधी बोलली नाहीस? म्हणाली, "बोलले होते. तुम्ही म्हणालात, वय झालं, त्यात काय सांगायचं." आणि परत भाजी निवडायला लागली. चिडली असती तरी बरं झालं असतं.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, तुम्हाला सांगतो. बाजारातून आम्ही बरोबर यायचो, मी पुढे, ती मागे पिशवी घेऊन एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मला वाटायचं हळूबाई आहे. मी वर दारात उभा राहून किल्ली वाजवत ओरडायचो, "अगं, किती वेळ?" आठ वर्षं. त्या दिवशी मला इतका राग आला... कोणाचा आला ते विचारू नका.

आता पिशवी मी आणतो. चाकांचं स्टूलही घेतलं, वडील बघत असतील तर बघू देत. चार किलो उतरलं, दुखणं निम्म्यावर आलं, खोटं कशाला बोलू. रोज सकाळी आम्ही दोघं पलंगावर शेजारी शेजारी, पाय लांब, एकेक टॉवेल. मोजायचं काम हिच्याकडे. एक, दोन, तीन, ठीक चालतं. सहाला हिला आठवतं की गॅसवर दूध आहे. मग ही सावकाश उठते, दूध बघते, गॅलरीतून शेजारणीशी दोन शब्द बोलते, आणि मी इथे गुडघा दाबून, बोटं ओढून, घामाघूम. सोडला तर पहिल्यापासून मोजते. रोज तोंडावर येतं, हाक मारावी, अगं, किती वेळ? पण काय करता, ते वाक्य मी आधीच वापरून संपवलंय.