शटरचं कुलूप

त्या भल्यामोठ्या दुकानात बिलाची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. रंगाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या रंगाऱ्याच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या पुढच्या बाईने मागे वळून पाहिलं.

“अगंबाई, काका, तुम्ही इथे? आणि तुमचं हार्डवेअर?”

“बंद केलं. कालच.”

“असं कसं? काही अडलं की आम्ही तुमच्याकडेच यायचो!”

“यायचीस ना. नळाचा तुकडा दाखवायचीस, मी माप सांगायचो, आणि वस्तू इथून घ्यायचीस.”

रंगाऱ्याने आपला डबा हळूच पायांमागे सरकवला.

“इथे जरा स्वस्त पडतं हो, काका.”

“पडतं खरं.”

“मग हे कुलूप कशाला?”

“शटरला. सगळा माल भंगारवाल्याला वजनावर दिला. त्यात कुलपंही गेली, ध्यानातच आलं नाही.”

“अरेरे… काका, रागावू नका, पण एवढं बघता? हा वॉशर बसेल ना?”

“नाही बसायचा. तुझा नळ जुना आहे, अर्धा इंची घे. तिकडे खालच्या फळीवर आहेत.”

“बदलून आणते. तोवर माझा नंबर धराल?”

“जा बाळ, सावकाश ये. मला कुठे दुकान उघडायचंय?”