गणपतराव काही टाकत नव्हते

...आणि त्या कपाटाला वाळवी असली तर? रात्रभर डोळ्याला डोळा नाही हो माझ्या! नवरा म्हणतो, "अगं, वाचनालयाचं कपाट ते, तुझ्या रुखवतातलं आहे का?" आता ह्यांना काय सांगायचं? आमची रंजू दुसरीत, आणि वाचायचं असं वेड की वाण्याकडनं आलेली हळदीची पुडीसुद्धा सोडवून, कागद सरळ करून वाचते, आणि कागद निम्म्यात फाटला की मला विचारते, "आई, पुढं त्या बाईचं काय झालं?" मला काय माहीत! मी म्हणते, आपलं वाचनालय होऊ दे, मग वाच हव्या तेवढ्या गोष्टी. दीड वर्षं हेच सांगत होते! आणि मुलांचं कपाट लावायचं काम कुणाकडं? माझ्याकडं! का, तर गल्लीत बी.ए. झालेली मी एकटीच. थर्ड क्लास, पण ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही...

तुम्हाला सांगते, कल्पना वाईट नव्हती हो. राजारामपुरीत आमच्या गल्लीवर जी सावली आहे ना, ती गणपतरावांची. घराघरातनं भांडी विसळलेलं पाणी बादलीनं गोळा करून करंजाची एकवीस झाडं जगवली त्या माणसानं! वाकडा खिळासुद्धा ठोकून सरळ करायचे. गणपतराव काही टाकत नव्हते! ते गेले तेव्हा ठरलं, पुतळा नको, वाचनालय बांधू, आणि तेही त्यांना शोभेलसं. एक झाड पडायचं नाही, एक नवी फळी यायची नाही, पडक्या घरांचे दगड नि वासे वापरायचे, दिवसा दिवा लागू नये एवढ्या खिडक्या, कौलांवरचं पावसाचं पाणी हौदात आणि हौदातलं करंजांना. ऐकून डोळे भरून आले होते माझे. खरंच!

मग मंडळाच्या कृष्णातदादांनी चौकातल्या फळ्यावर लिहिलं, 'घरातील जुने सामान द्यावे. गणपतराव काही टाकत नव्हते.' झालं! ते टाकत नव्हते, म्हणून अख्ख्या गल्लीनं त्यांच्या नावावर टाकलं!

शेजारच्या बायडाबाई न्हाणीघराचं दार घेऊन आल्या. खालनं कुजलेलं, शेवाळ धरलेलं, शी! म्हटलं, "मावशी, हे वाचनालयाला कसं लावायचं?" तर, "का? आमचं म्हातारं आत आंगूळ करायचं तवा चाललं, आन् पुस्तकास्नी काय लाज आली व्हय? गणपतराव काय टाकत नव्हतं, बाई!" म्हणजे वर मलाच! कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी जुनी खुर्ची दिली. तिच्यात बसलं की ती मागं पडते. वाचणारा पेपर वाचणार की तोंड उघडून कौलं मोजणार? आणि ते कपाट! मीरासाब मिस्त्रींनी त्याला बोट लावलं आणि हात जोडले. "वैनी, ह्यात लाकूड कमी आन् वाळवीच जादा हाय. वाळवी काढली तर कपाट खाली यील की!"

आणि पुस्तकं? मी गोष्टींची मागितली, आली काय? पंधरा वर्षांची पंचांगं, रद्द झालेली एस.टी.ची वेळापत्रकं, आणि एकानं तर लग्नपत्रिका दोऱ्यानं शिवून आणल्या. "मागनं कोऱ्या हाईत की!" किळस आली हो मला, उबग आला! ...पण मी तरी कुठली शहाणी? मीसुद्धा माझी अर्थशास्त्राची वही त्या ढिगात सरकवलीच की. घरात धूळ खात होती...

शेवटी धीर करून गेले कृष्णातदादांकडं. म्हटलं, "दादा, मुलांपुरती तरी चार नवी पुस्तकं घ्या." हात जोडून म्हणतात कसे, "आवो वैनी, नवं पुस्तक म्हंजे नवा कागद, नवा कागद म्हंजे झाड! गणपतरावांचा आत्मा काय म्हनंल?" झालं! बी.ए. झालेल्या मी पंचांगं वर्षवार लावायला घेतली.

अठ्ठ्याहत्तरच्या पाडव्याला उद्घाटन झालं. तीन भाषणं, तिन्हींत तेच, गणपतराव काही टाकत नव्हते! फीत कापली आणि रंजू नवा फ्रॉक सावरत सुसाट कपाटाकडं. मी डोळेच मिटले. दीड वर्षं वाट पाहायला लावलेलं पोर, आणि त्याच्यापुढं पंचांगं!

माणसं चिवडा खाऊन पांगली तरी रंजूचा पत्ता नाही. बघते तर खिडकीखाली फतकल घालून बसलेली, मांडीवर कसलंसं पुठ्ठा गेलेलं पुस्तक. वाकून पाहिलं... 'उसावरील रोग'. शेतकी खात्याचं! तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "चुकलं बाळा माझं. चल घरी, इथं वाचण्यासारखं काही नाही."

मान वर न करता म्हणते कशी, "थांब की गं आई! आत्ताशी उसाला काणी लागलीया, अजून तांबेरा यायचा हाय!"