बिट बदलल्यावर

...काढलीय हो दारावरची पाटी, पॉलिशला काढलीय, म्हणून तर तुम्ही घर ओलांडून पुढे गेलात. बसा. त्या स्टुलावर भुसा आहे — थांबा, पुसतो. सगळीकडेच भुसा आहे म्हणा, चहात भुसा, चष्म्यावर भुसा, आमच्या हिच्या कपाटातल्या कपड्यांत भुसा. तुमचा सर्व्हिंग बोर्ड? झाला नाही. हो, मान्य, तिसरी खेप आहे तुमची, आई-बाबांच्या लग्नाला रविवारी पन्नास वर्षं होतायत, तेही लक्षात आहे — पण मशीनवर अक्षरं कोरायला घेतली आणि लाइट गेली, त्याला मी काय करणार? फळी वाया.

लोकांना वाटतं, कॉम्प्युटरवर चित्र काढलं, बटण दाबलं, झालं. मेहुणा तर तोंडावर म्हणतो, तुम्ही काय करता, करतं ते मशीन! ये म्हणावं, एकदा लावून दाखव. आता ऐका, सोपं आहे — एका पाटीला दोन बिटं, म्हणजे कोरायची पाती, लागतात. जाड बिट मोकळी जागा खरवडतं, मग ते काढून अक्षरांसाठी टोकदार बसवायचं. बिट बदललं की लांबी बदलते, म्हणजे टोक पुन्हा लाकडाला टेकवायचं आणि मशीनला सांगायचं, बाबा रे, इथे शून्य, इथून खाली मोज. हे विसरलात की संपलं. ते जुनंच शून्य धरून चालतं, आणि दोन मिलिमीटर जायचं ते टोक फळीतून आरपार खालच्या टेबलात घुसतं. ...हो, टेबलावर चर दिसतायत ते त्याचेच. तीन. नाही, चार — तो कोपऱ्यातला कालचा.

बरं, नव्हती गेली लाइट. बघताच आहात तर काय लपवायचं. विसरलो. चारदा विसरलो. अहो, पाच वर्षं हे मशीन चालवतोय, कधी म्हणजे कधी विसरलो नव्हतो! का? कारण मला आठवावं लागतच नव्हतं. ही बसायची ना, तुम्ही बसलात तिथेच, पॉलिश पेपर घेऊन फळ्या घासत. घासणं, तेल लावणं सगळं तिच्याकडे. आणि मी बिट बदललं की मान वर न करता विचारायची, "शून्य घेतलंत?" दर वेळी. मी वैतागायचो. म्हणायचो, मला काय कळत नाही का, तू तुझं घास. तरी पुढच्या वेळी पुन्हा तेच — "शून्य घेतलंत?"

बहिणीकडे गेलीय. दीड महिना झाला. मशीनचा आवाज सोसत नाही म्हणाली. मी म्हटलं, एवढंच ना? मशीनभोवती हा खोका बांधला, आतून फोम लावला, फोन करून तिला आवाज ऐकवला — बघ, मिक्सरपेक्षा कमी आहे! तर म्हणाली, "बरं झालं." आणि जेवलात का विचारून फोन ठेवला. आता याला काय म्हणायचं?

...पाटी? पाटीचा काय संबंध? तुम्ही पण ना, ताई. पाटीवर माझं नाव होतं. नुसतं माझं. दोन नावं घातली तर अक्षरं बारीक होतात, बारीक अक्षरांत काने-मात्रे तुटतात, जागा बेताची — नाही, जागा होती. चांगली वीतभर होती, तिथे मी वेलबुट्टी कोरली. मला सुचलंच नाही हो! जिच्याबरोबर अडतीस वर्षं काढली तिचं नाव सुचलं नाही, आणि वेल सुचली. आणि तिने काय करावं? घासली ती पाटी. काडीला पेपर गुंडाळून एकेका अक्षराच्या आतून घासली, दोन हात तेल लावलं, म्हणाली, "छान झालीय." आठ दिवसांनी बॅग भरली. भांडली असती तर कळलं तरी असतं!

म्हणून नवी करतोय, दोघांची, तिचं नाव आधी. ती घेऊनच तिच्या बहिणीचं दार वाजवणार होतो, रिकाम्या हाताने कुठल्या तोंडाने जाऊ? तुमच्या बोर्डासाठी आणलेल्या अक्रोडाच्या फळ्या होत्या ना, त्या यातच गेल्या. पाचांतल्या चार. दर वेळी तिच्या नावाच्या पहिल्याच अक्षराशी आरपार. रागवा, तुमचा हक्कच आहे.

पण ही पाचवी तुमची. हिचं जाड काम सकाळीच उरकलंय, बघा, मूठ बघा कशी आलीय हातात. आई-बाबांची नावं तेवढी राहिलीत. तुमच्यासमोरच लावतो, अर्ध्या तासात घेऊन जा. हे जाड बिट काढलं... हे टोकदार बसवलं... आवळलं... आता जरा मागे सरका, भुसा उडेल, मी बटण दाब—

काय म्हणालात?

...नाही. नाही घेतलं शून्य.

बंदच करतो. नाही, तसं नाही, तुमचं काही चुकलं नाही. बोर्ड देतो उद्या, शब्द देतो. पण आता तुम्ही निघा. अहो, निघा ना! मला फोन करायचाय, आणि कुणासमोर मला ते जमायचं नाही. दार तेवढं ओढून घ्या.