नगराध्यक्षपद नाकारणाऱ्याचं घर

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या पाच बंदरांच्या संघात जुना रिवाजच होता, की निवडलेल्या माणसाने नगराध्यक्षपद नाकारलं, तर गावाने त्याचं घर पाडायचं. हॅमोने सोमवारी भर चर्चमध्ये नकार दिला होता. बायको आणि तान्ह्या मुलीला सासऱ्याकडे पोचवून तो गावी परतायला होडीच्या रांगेत उभा होता. पुढे परगावचे दोन अनोळखी मजूर होते, खांद्यावर पहारी घेऊन.

“घर दगडी आहे का रे, ओस्बर्ट?”

“खाली दगडी, वर लाकडी. संध्याकाळपर्यंत आटपेल.”

“येडाच म्हणायचा. राजाने संघावर नेमलेल्या वॉर्डनशेजारी पंगतीला बसला असता!”

“बसलाय की एकदा. मागे राजाने लढाईला जहाजं मागितली, तेव्हा नगराध्यक्ष हाच होता. जहाजामागे एकवीस माणसं. कोण जाणार, ते यानेच ठरवलं.”

“मग?”

“पाच जहाजं गेली, दोन आली.”

“त्यात याचा काय दोष?”

“दोष कोण देतंय? माझा मेव्हणा तिथलाच, त्याचं नाव यानेच वाचलं. पण वाचताना आवाज जराही हलला नाही, असं अजून सांगतात लोक.”

“आणि आता राजाने पुन्हा मागितलीत.”

“म्हणून तर पुन्हा यालाच निवडला. याला सवय आहे म्हणे.”

होडी लागली. हॅमो त्यांच्या मागोमाग चढला.

“काय भाऊ, तुम्हीही पाडायलाच?” ओस्बर्टने मागे वळून विचारलं.

“नाही. माडीवर मुलीचा पाळणा राहिलाय. जिना तोडायच्या आधी तेवढा खाली आणू द्या.”

ओस्बर्टने खांद्यावरची पहार उतरवून होडीच्या तळाशी ठेवली.

“जड असेल,” ओस्बर्ट म्हणाला. “एक बाजू मी धरतो.”