जुनी प्लेट

— तसं नाय, बाय, एवढं सोपं असतं तर मी दवाखान्याच्या बाकड्यावर तुझ्याशेजारी अशी घामाघूम बसली असती का? आत आमचे हे हायेत. छातीचा फोटो काढून झाला, आता डाक्टर बघतायत. कॅन्सर — दुसरं काय! गेल्या शिमग्यात मुंबईला डावं फुफ्फुस काढलं. स्वराज्य आलं त्या साली आमचं लग्न झालं, तेव्हा मिठागरात दोन माणसांचं ओझं एकटा उचलायचा हा बाप्या — आता चार पावलं चालला की बसतो. मागल्या फोटोत राहिलेल्या उजव्या अंगाला ठिपका निघाला, काळ्यात पांढरा, तांदळाच्या कणीएवढा. डाक्टर बोलले, जुना वण असेल, भिऊ नका, पण ही फोटोची प्लेट जपून ठेवा, पुढच्या खेपेला दोन्ही शेजारी धरून बघू. तेवढाच असला तर सुटलात, वाढला असला तर पुन्हा मुंबई, विजेचा शेक.

जपून ठेवली? कसली जपतेय! रोज उजेडात धरून बघायची मी. एक दिवस मनात आलं — डाग हाय ना, मग घासला तर जाईल! जन्मभर भांडी काय कमी घासली? चुलीतली राख घेतली, काथ्या घेतला, बसली घासत. अगं, काळं निघायला लागलं नि तो मेला ठिपका वाढतच चालला! कणीचा चिंचोका, चिंचोक्याची सुपारी — मी घाबरून अजूनच जोरात घासतेय — शेवटी प्लेटीतून आरपार चूल दिसायला लागली. यांना सांगितलं तर हे हसले, खोकला येईपर्यंत हसले. माझा मात्र जीव थाऱ्यावर नाय. वाटतं, मीच वाढवला तो यांच्या छातीत. खुळी तर खुळी!

आज डाक्टरनी प्लेट मागितली. मी बोलली, उधाणाचं पाणी घरात शिरलं, गेली वाहून. धडधडीत थाप! आणि यांनी काल शपथ घातलीय मला — डाक्टरने नवा फोटो दाखवला की "आधीपण एवढाच होता" बोलायचं. पुन्हा मुंबई नको, मरेन तर आपल्या ओट्यावर मरेन. असं बोलतात का माणसं? सांग ना. तू काय सांगणार, पोरी... माझ्याशिवाय तो ठिपका आता कोणाच्याच लक्षात नाय. डाक्टर तरी किती जणांचे ध्यानात ठेवतील?

थांब — पडदा सरकला. धाकू पाटलाची बायको? मीच, साहेब, मीच! इथूनच दिसतंय, उजेडात धरा...

हं.

हे बघतायत माझ्याकडे. मान हलवतायत, नको-नको म्हणतायत — अहो, नका बघू असं! साहेब, प्लेट वाहून नाय गेली, मी खुळीने राखेने घासली. पण डाग माझ्या डोळ्यांत हाय. कणीएवढा होता. हा वाटाण्याएवढा हाय. वाढलाय, साहेब. न्या मुंबईला, शेक द्या, काय ते करा. शपथ मोडली तर मला काय व्हायचं ते होऊ दे.

तू काय बघतेस, बाय? जरा तिकडे तोंड कर.