ह्वे मावशीचं भात

मेकाँगच्या कालव्यात, भातगिरणीच्या धक्क्याला आमच्या होड्या रांगेत उभ्या होत्या. पुढच्या होडीतली बाई शेजारच्या होडीत भाताची पोती घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याशी बोलत होती.

“काका, हे भात ह्वे मावशीचं म्हणता? तिचं शेत तर पुरात बुडालं ना?”

“बुडालं नाही, तिनं बुडवलं. पाणी सगळ्यांच्याच शेतांवर चालून आलं, तेव्हा तिनं स्वतःचा बांध फोडून ते आपल्या शेतात घेतलं.”

“कापणीला आलेल्या पिकात?”

“हो. आमचं वाचलं. मग आम्ही प्रत्येकानं तिच्यासाठी उभ्या पिकाचा एकेक पट्टा राखून ठेवला.”

“आणि घेतला तिनं? ती तर कुणाचा चहाही फुकट पीत नाही.”

“म्हणाली, घेते, पण कापणार मीच. विळा घेऊन आली. पट्टा संपला तरी थांबेना. माझं उरलेलं शेतही कापलं, मगच पाठ सरळ केली.”