पाकळ्यांचा गळा

(घानामधलं केटा. आफेफा मॅडमचं शिवणाचं दुकान. समोर शिकाऊ सेनाम आणि तिची मावशी कोसिवा. मध्ये जिन या दारूची न उघडलेली बाटली.)

मॅडम : बाटली परत घ्या, मावशी. ती घेतली म्हणजे हिला मोकळं करायला मी कबूल झाले, असं होतं.

मावशी : त्यासाठीच आणलीय. तीन वर्षं राबली पोरगी तुमच्याकडे. आता डोक्यावर पावडर टाका, आशीर्वाद द्या. त्याशिवाय शिंप्यांची संघटना तिला दुकान घालू देत नाही.

मॅडम : एवढी घाई कुणाला आहे?

मावशी : जागेच्या मालकाला. शनिवारपर्यंत थांबतो म्हणालाय, मग दुसऱ्याला देणार. शाळा शिकून नोकरी लागली असती तर आलो असतो का आम्ही?

मॅडम : म्हणजे जागासुद्धा बघून झाली! कुठे गं, सेनाम?

सेनाम : इथेच. रस्त्यापलीकडचा निळा कंटेनर.

मॅडम : वा! माझ्या नाकासमोर. आणि पाद्रीबाईंचा रविवारचा झगा कुणी शिवला?

सेनाम : मला काय माहीत, मॅडम?

मॅडम : पाकळ्यांचा गळा होता त्याला. तो अख्ख्या केटात मी एकटी बेतते. तोही तुम्हा पोरींना पाणी आणायला पिटाळून.

मावशी : अगंबाई! शिकायला ठेवलेल्या पोरींना?

मॅडम : सगळंच शिकवलं तर माझ्याकडे कोण येईल? सेनाम, वर बघ.

सेनाम : मीच शिवला.

मावशी : सेनाम!

सेनाम : एक जुना झगा सैल करायला आला होता. गळा उसवला, आतून बघितला, पुन्हा शिवून टाकला.

मॅडम : आणि पाद्रीबाईंचा? माझ्या मशीनवर?

सेनाम : मावशीच्या.

मॅडम : म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं! आणि वर बाटली घेऊन आलात?

मावशी : मी नुसतं मशीन दिलं. काय शिवतेय ते कशाला बघू?

सेनाम : मॅडम, समोर नको तर नको. मी अफ्लाओला जाते. पण मोकळं करा. अजून वर्षभर नुसती काजं करत नाही बसवणार मला.

मॅडम : अफ्लाओला? तिकडे सीमेपलीकडून टोगोच्या बायका येतात. माझा गळा परदेशात विकणार तू?

मावशी : जवळ नको, लांब नको. मग पोरीनं मशीन समुद्रात मांडायचं का?

मॅडम : थांबा हो जरा. सेनाम, त्या गळ्याला मागे चुण्या पडल्या होत्या. चर्चमध्ये मी मुद्दाम पाद्रीबाईंच्या मागच्याच बाकावर बसले.

सेनाम : हो. का पडल्या ते कळलं नाही.

मॅडम : उसवून नाहीच कळायचं. पट्टी सरळ कापलीस. उरेब कापायची, तिरकी. मग ती वळते.

सेनाम : तिरकी...

मावशी : शिकवलंत की हो!

मॅडम : माझा गळा म्हणून लोक हसायला नकोत. शनिवारी सकाळी पावडर घेऊन या.

सेनाम : मग अफ्लाओला कधी जाऊ?

मॅडम : कुठेही जायचं नाही. समोरच घाल दुकान. आणि दार दिवसभर उघडं ठेव. मला इथून तुझे हात दिसले पाहिजेत.